डाळिंबाच्या बुंध्याशी

४ मार्च
झालं ते असं.
१. डाळिंबाभोवती लावलेला झेंडू, लसूण, बडीशेप — सगळं आठवड्यात वाळलं.
२. मी दादाला विचारलं, काय ओतलंस? त्याला तिथे गाडीसाठी छप्पर हवंय.
३. तो म्हणाला, "हातसुद्धा लावला नाही. मला कुऱ्हाड चालवता येते."
४. मी त्याला खोटारडा म्हटलं. त्याने फावड्याचा दांडा माझ्या कानावर हाणला.
५. मी छाटणीची कात्री त्याच्या दंडात खुपसली.
६. आई मध्ये पडली. दांड्याचा दुसरा फटका तिच्या मनगटावर बसला. हाड मोडलं.

आईने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. त्यांनी माझ्या कानाकडे पाहिलं. "आणि ह्या? ह्याही त्याच बाथरूममध्ये?"

५ मार्च
दादाला सात टाके. आई त्याला वाढतेय — एका हाताने!
दादा म्हणाला, "ही पोरगी नाही, विळी आहे."
मी म्हटलं, "मग बोटं सांभाळ."

८ मार्च
झेंडू मुळं पोखरणाऱ्या सूत्रकृमींना हटवतो. लसणाच्या वासाने पानांतला रस शोषणारा मावा दूर राहतो. बडीशेप फुलली की मावा खाणारे भुंगेरे येतात. तीन वर्षं एकदाही फवारणी केली नव्हती. आता डाळिंबाचीही पानं कडेने करपलीत. मी काम करते त्या प्रयोगशाळेत आज माती तपासली.
मीठ. साधं, खायचं.
दादा मीठ घालणारा माणूस नाही. त्याला आवाज लागतो. म्हणजे तो खरं बोलत होता, आणि मी त्याला भोसकलं.

९ मार्च
दादाने फुलांनी भरलेली फांदी कुऱ्हाडीने तोडली. दोन घावांत. मी खिडकीतून त्याची मान बघत होते. कात्री किती आत जाईल, याचाच विचार करत होते.
आई म्हणाली, "जाऊ दे गं. झाडच तर आहे."

११ मार्च
दुपारीच घरी आले. आई बुंध्याशी वाकलेली. प्लास्टरचा हात छातीशी, दुसऱ्या हाताने बादली कलती करून पाणी ओततेय. शेजारी मिठाची रिकामी पिशवी.
मी आल्या पावली परतले.

१२ मार्च
आई, ही वही तू वाचतेस, मला माहीत आहे. म्हणून इथेच लिहिते.
झाड मेलं की आमचं भांडण मिटेल, असं तुला वाटलं. नाही मिटणार. उद्या तो दुसरं काहीतरी मागेल, आणि तू तेही मारशील.
मी पोलिसांत जाणार आहे. माझ्या कात्रीचंही सांगणार. तुझ्या मनगटाचं मात्र तुलाच सांगावं लागेल. कामाजवळ खोली घेतली आहे, दोघींना पुरेल अशी.
येणार की नाही, ते शुक्रवारपर्यंत इथे खाली लिही.