परत म्हणा

सोमवार, ३ मार्च
सून पुन्हा नापास! विमानांना वाट सांगायची परीक्षा. आता एकच संधी उरली — चौदा तारखेला. पास झाली तर रडारच्या खोलीत खुर्ची, नाहीतर जन्मभर फायली. मुलगा बोटीवर, दोन महिने येत नाही. म्हणजे रडारड निस्तरायला मीच!

म्हटलं, रडतेस काय, चुकलं काय ते सांग. तर परीक्षेत खरी विमानं नसतातच. समोर पडदा, त्यावर ठिपके, आणि शेजारच्या खोलीतून साहेब लोक वैमानिक होऊन बोलतात. हिने एकाला सांगितलं, सहा हजार फुटांवर राहा. ऐकलेलं वैमानिकाने परत म्हणून दाखवायचं, असा नियम. तो म्हणाला, सात हजार. सातवर दुसरं विमान! आणि ही गप्प.

"ऐकू नाही आलं?"

"आलं हो आई. पण आवाज मोठ्या साहेबांचा होता. त्यांना कसं सांगणार, चुकलात म्हणून?"

कपाळ माझं!

बुधवार, ५
माझा बटणांचा डबा टेबलावर उपडा केला. कोटाची बटणं मोठी विमानं, शर्टाची बारकी. मोजपट्टी म्हणजे धावपट्टी. मी वैमानिक. दोन विमानांत आडवं तीन मैल नाहीतर उभं हजार फूट अंतर हवंच, म्हणाली. चौथी शिकलेल्या मला लगेच कळलं. शिवताना कापडात माया ठेवतो, तशी आभाळात ठेवायची. एवढंच की! उगाच जाडी पुस्तकं लिहिलीत.

गुरुवार, ६
मुद्दाम चुकले. ती म्हणाली पाच हजार, मी म्हटलं नऊ. ही नुसती हसली. "आई, तुम्हाला कसं टोकू?"

टेबलावर हात आपटला. मेली ना दोनशे माणसं तुझ्या मर्यादेपायी! सगळी बटणं खाली. अर्धा तास दोघी कपाटाखाली पालथ्या. हसून हसून पोट दुखलं.

रविवार, ९
टोकलं! "आई, चूक. चार हजार. परत म्हणा." आवाज मांजराचा, पण टोकलं! म्हटलं, मोठ्याने बोल. बोलली. शेजारीण खिडकीत आली — "भांडताय का गं?" म्हटलं, नाही, सुनेला भांडायला शिकवतेय. तिचं तोंड बघण्यासारखं झालं.

मंगळवार, ११
मलाच सवय लागली. गिऱ्हाईक आलं, पॅन्टची उंची कमी करा म्हणे. मी म्हटलं, दोन इंच कमी, बरोबर? "अहो, एक!" आधी दोनच म्हणाला होता मेला. कात्री हातात होती माझ्या!

गुरुवार, १३
उद्या परीक्षा. जेवताना सून म्हणाली, आई, भाजीत मीठ जास्त झालंय. सहा वर्षांत पहिल्यांदा! झालंच होतं जास्त. मला राग आला. मग बरं वाटलं. मग परत थोडा राग आला.

शुक्रवार, १४
पास! पास! पास!

मोठे साहेबच बसले होते पलीकडे. शेवटी शेवटी हिने सहा हजार सांगितलं, आणि त्यांनी — मुद्दाम, दुसरं काय — सात म्हटलं. ही म्हणाली, "चूक. सहा हजार. परत म्हणा." साहेब गुरकावले, "मी बरोबर ऐकलंय!" पण ही म्हणाली, "सातवर विमान आहे. सहा हजार. परत म्हणा." मग तिकडून हळूच आवाज आला — सहा हजार.

बाहेर येऊन साहेबांनी विचारलं, हा आवाज कुठून आणलास? "सासूबाईंकडून," म्हणाली. साहेब म्हणाले, मग घरी सांभाळून राहत जा!

मला काय, कोणी काही म्हणो. दोनदा सांगायला लावलं तिला सगळं.

सोमवार, १७
नेमणुकीचा कागद आला. लांबचं विमानतळ, पंधरा दिवसांत हजर व्हायचं. म्हटलं, जा गं बिनधास्त, मी राहीन एकटी, मला काय धाड भरलीय!

"चूक," ती म्हणाली. "दोघींनी जायचंय. परत म्हणा."

तीनदा म्हणायला लावलं. आवाज फुटत नव्हता — माझा!