एक लिटरची प्रतिज्ञा

सोमवार, २ मार्च. सकाळी ७
आजपासून महिनाभर किडनी विभागात पोस्टिंग. बॅचमधली बाकीची मेंढरं नोट्स पाठ करतील. मी पेशंटचं दुःख जगणार. डायलिसिसवाल्यांना दिवसाला एक लिटर पाणी, चहा-सूप धरून. मलाही तेवढंच. निश्चय म्हणजे निश्चय.

सकाळी १०.३०
लिटर संपला. पहिल्या दिवशी अंदाज चुकतोच. शिवाय कोल्ड्रिंक म्हणजे काही पाणी नव्हे.

बुधवार, ४
मला दिलेला पेशंट: निवृत्त बसड्रायव्हर काका. लघवी जवळपास बंद, त्यामुळे प्यायलेलं सगळं अंगातच साचतं. गेल्या महिन्यात फुप्फुसात पाणी भरलं, जाता जाता वाचले. तरी रात्री उठून नळाला तोंड लावतात, असं काकू रडकुंडीला येऊन सांगत होत्या. सगळे समजावून थकले.
मी म्हटलं, काका, मीपण एक लिटरवरच आहे. ते बघतच राहिले. एवढे तरणेताठे असून? मग आपण दोघं मिळून करू, म्हणाले. टाळी दिली. माझा घसा दाटून आला. कॅन्टीनमध्ये लिंबू सरबत घेतल्यावर मोकळा झाला.

शुक्रवार, ६
काकांनी विचारलं, काल किती झालं? मी म्हटलं, नऊशे. खरा आकडा सांगून पेशंटला खचवणं नीतीत बसत नाही. या खेपेला डायलिसिसआधी त्यांचं वजन अगदी थोडं वाढलंय, म्हणजे अंगात पाणी कमी साचलंय. रेसिडेंट मॅडम चकित. मी विनयाने मान खाली घातली. उद्यापासून नक्की.

सोमवार, ९
शनिवारी मित्राचा वाढदिवस. रविवारी त्याचे परिणाम. अशात पाणी कोण मोजतं?
काका मात्र दोन्ही दिवस पक्के. काकू म्हणाल्या, रात्री नळाकडे जायला उठतात आणि परत येऊन पडतात. ते पोरही तहानलेलंच झोपलं असेल, म्हणतात.
ऐकून पोटात कसंतरी झालं. बहुतेक ॲसिडिटी.

बुधवार, ११
राउंडला काकांनी सगळ्यांसमोर सरांना सांगून टाकलं. इतक्या वर्षांत असा विद्यार्थी पाहिला नाही, म्हणत सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. खरं सांगणारच होतो, शपथ. पण सरांचा मूड कशाला घालवा? कान मात्र दिवसभर तापलेले.
लाज वाटतेय. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. परवा काकांना एकट्यात गाठून सांगणार.

शुक्रवार, १३
सांगायला गेलो. आधी धीर यावा म्हणून दोन ग्लास ज्यूस घेतला होता.
मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, चेहरा पार उतरलाय तुमचा, डॉक्टर. माझ्यापायी जिवाचे हाल करून घेऊ नका. मग सकाळपासून न पिता राखून ठेवलेलं अर्धा ग्लास पाणी पुढे केलं. हे माझ्या वाट्यातलं, तुमच्या हिशेबात धरू नका, म्हणाले. त्यांच्या ओठांची सालं निघाली होती. काकू म्हणाल्या, घ्या हो, नाही म्हणू नका.
नको म्हटलं असतं तर का नको, तेही सांगावं लागलं असतं.
प्यायलो. पोटात जागा नव्हती, तरी सगळं प्यायलो.