चादरीचं दुसरं टोक

३ जून

ठकी आजही वळली नाही. दारात उभी राहून सात हाका मारल्या. सात! ती आपली चपलेचा पट्टा चघळत बसलेली. समोर गेले तर हसली, हात पसरले. चौदा महिन्यांची झाली. अजून एक शब्द नाही.

कानाच्या डॉक्टरांनी परत बोलावलंय अठ्ठावीसला. मागच्या वेळी माझी दातखीळच बसली. ते हिंदीत भराभर विचारत होते – कब से, किसने देखा, किसको बताया. मी नुसती मान हलवत होते. कशाला हो म्हटलं नि कशाला नाही, मलाच ठाऊक नाही. शेवटी म्हणाले, घरात कुणी नीट सांगणारं असेल त्याला घेऊन या.

घरात कोण आहे? हे टँकरवर ड्रायव्हर. दोन-दोन महिने तोंड दिसत नाही. म्हणून या वहीला सांगते.

५ जून

माळ्यावर मागच्या भाडेकरूच्या पोरीचं पुस्तक सापडलं. हिंदी व्याकरण. मागची पानं गेलीत, पण कारकाचं पान शाबूत. आठ ओळी. ने, को, से, के लिए, परत से, का-के-की, में-पर. शेवटची ओळ संबोधन – हे, अरे, ओ. म्हणजे हाक मारायची.

माझी शाळा पाचवीत सुटली. तरी पान काढून ओट्याच्या वर भिंतीला लावलं. गोंद नव्हता, भिजवलेली कणीक लावली.

अठ्ठावीसला मीच सांगणार. माझ्या तोंडानं.

८ जून

नणंदेचा फोन. "तू तिच्याशी मराठी बोलतेस, बाहेर सगळं हिंदी. पोर गोंधळणार नाही तर काय? एक काय ते ठरव." वर म्हणाली, आमच्या घरात आजवर कुणी मुकं निघालं नाही. मुकं. भाजी निवडता निवडता बोलल्यासारखी बोलली.

खरं असेल का? माझ्यामुळेच?

आजपासून ठकीशी हिंदीतच बोलायचं. पण मग मला मराठी बोलायला कुणी उरत नाही. तेवढी तीच होती.

११ जून

कामावर, लाँड्रीत, आज चादरींचा डोंगर. हॉस्पिटलच्या, हॉटेलच्या, सगळ्या एकदमच आल्या. मी नि तिथल्या एक काकू जोडीनं घडी घालतो. त्या एका टोकाला, मी दुसऱ्या. मशीनचा असा खडखडाट की बोललेलं आपलंच आपल्याला कळत नाही. म्हणून तिथं सगळ्या जणी हातानं बोलतात. तळहात वर करून बोटं दोनदा मिटली – टोक धर. मूठ – थांब. गालाला बोट – डाग आहे, परत धुवायला टाक. काकूंचे हात तर तोंडापेक्षा जास्त चालतात.

ठकीला मी कपड्यांच्या टोपलीत बसवते, मशीनला अगदी चिकटून. मशीन सुरू झालं की ती हसते! गाल टोपलीला लावून बसते. बंद झालं की तोंड पाडते. म्हणजे ऐकू येतं. येतं ना? नाहीतर हसेल कशाला?

हे डॉक्टरांना सांगायचंच. मशीन से. की मशीन को?

१४ जून

लाँड्रीच्या काउंटरवरच्या चष्मेवाल्यांना विचारलं, मी लिहिलेलं तपासाल का? रोज पाच वाक्यं, जुन्या पावत्यांच्या मागं. ते डागांवर खूण करायच्या लाल खडूनं चुका दाखवतात. आज सगळीच पावती लाल. म्हणाले, "बाई, इतने दाग तो होटल की चादर पर भी नहीं होते." हसू आलं. किती दिवसांनी.

आपण 'मी बघितलं' म्हणतो. त्यांच्यात मैंने देखा. मी-लाही ने चिकटवायचं. आणि आपण हातानं म्हणतो, तिथं हाथ से. आपला ने उचलून त्यांनी भलत्याच जागी बसवलाय. आणि दूध पुरुष! बच्ची ने दूध पिया. घ्या.

१५ जून

बच्ची को बुखार आया था. चौथ्या महिन्यात. तीन दिवस. तेव्हाच नेलं असतं तर?

१९ जून

ह्यांचा फोन आला. रस्त्यात रेंज नव्हती, अर्धं कळलं अर्धं नाही. ठकी बोलते का, विचारलं. मी म्हटलं, बोलेल. मग म्हणाले, तिच्या कानाला लाव फोन. लावला. हे तिकडून बाबू, बाबू करत होते. ती चार्जरच्या वायरीशी खेळत होती. मी म्हटलं, हसतेय हो. खोटं नव्हतं. वायरीला हसत होती.

२३ जून

आज दुपारी वीज गेली. मशीन बंद. इतकी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकलीच नव्हती. तेवढ्यात काकूंच्या हातून लोखंडी इस्त्री फरशीवर आदळली, पार तिकडं दुसऱ्या भिंतीपाशी. आम्ही सगळ्या उडालो. चष्मेवाले धावत आले.

ठकी टोपलीत बसून स्वतःची बोटं बघत होती. तळहात वर, बोटं मिट, उघड. मानसुद्धा हलली नाही.

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी चादर झटकायला लागले.

२७ जून

उद्या. अकरा वाक्यं पाठ. चष्मेवाल्यांनी शेवटच्या पावतीवर खडू टेकवलाच नाही. कौतुक सांगायला कुणी नाही, म्हणून इथं लिहिते – एकही डाग नाही.

२८ जून

सांगितलं. सगळं. ताप, तीन दिवस, सात हाका, इस्त्री पडलेली. डॉक्टर लिहीत राहिले, मधे एकदाही माझं बोलणं तोडलं नाही. मग तिला झोपेचं औषध पाजलं, डोक्याला वायरी लावल्या. मी तिचे पाय धरून बसले होते. इवलेसे पाय.

दोन्ही कान. काहीच पोचत नाही.

मी म्हटलं, पण साहेब, मशीन लागलं की हसते. त्यांनी माझा हात टेबलावर ठेवला, खालून ठोकलं. हाताला जाणवलं. तिला तसंच जाणवतं म्हणाले. अंगाला. एवढे दिवस मी त्या हसण्यावर जगत होते.

मग विचारलं – घर में दो भाषा है, इसलिए? मेरी वजह से?

ते पेन खाली ठेवून म्हणाले, "आपकी वजह से कुछ नहीं हुआ."

कानाच्या मशीनचं, शाळेचं बरंच काही सांगितलं, चिठ्ठी दिली. सगळं समजलं. हेच वाईट. मागच्या वेळी काही समजलं नव्हतं तेव्हा घरी येऊन जेवले तरी होते.

२९ जून

ह्यांना फोन केला. बराच वेळ बोलले नाहीत. रेंज होती.

दिवसभर ठकीशी मराठीत बोलले. तिला काय फरक पडतो. मला पडतो.

१ जुलै

भिंतीवरचं पान काढायला गेले, निघेना. कणीक वाळून दगड झालीय. वरच्या सात ओळी फाटून हातात आल्या. हाक मारायची तेवढी भिंतीला राहिली.

२ जुलै

सकाळी भांडी घासत होते. कुणीतरी बघतंय असं वाटलं म्हणून मागं वळले. ठकी फरशीवर बसलेली. एका हातात तिच्या दुपट्याचं टोक घट्ट धरलेलं. दुसरा तळहात वर. माझ्याकडं बघून बोटं मिटली. एकदा. परत एकदा.

मी ओल्या हातानंच जाऊन दुसरं टोक धरलं.