आमचा पाहुणा तुम्ही पळवलात

कोल्हापूर, रविवार

इचलकरंजी मुक्कामी माझे धाकटे साडू, यंत्रमागधारक आणि (परवाच्या शुक्रवारपासून) सिनेनट अभिनंदन यांना थोरल्या साडूचा, म्हणजे नेमिनाथचा, जयजिनेंद्र. तब्येत बरी आहे ना? अंगाचा चंदेरी रंग सगळा निघाला का? कानामागं राहतो म्हणे. मेहुणीबाईंना नमस्कार सांगा. आम्ही इकडं खुशाल आहोत. माझा जळफळाट झालाय असं आमची बायको राजमती सगळ्यांना सांगत सुटलीय, ते साफ खोटं आहे. नुसती छातीत जळजळ आहे, आणि ती तुमचा सिनेमा बघून आल्यापासून आहे. फोनच केला असता, पण फोनवर मी रंगात आलो की राजमती फोन काढून घेते. म्हणून पत्र.

‘सूर्यास्ताआधीचा पाहुणा’ ही कादंबरी मी कॉलेजात असल्यापासून वाचत आलोय, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? (तुमच्या लग्नाच्या मांडवात वाचत बसलो म्हणून आपले सासरे कितीतरी दिवस माझ्याशी बोलत नव्हते.) परग्रहावरचा एक एकटा जीव चंदगडच्या भातशेतात उतरतो. अख्ख्या पुस्तकात तो एक अक्षर बोलत नाही, त्याची पापणी लवत नाही, आणि दिवस बुडाला की तो अन्नाला शिवत नाही. त्याच्या ग्रहाचा सूर्य विझलाय, त्यामुळं सूर्य नसताना खाणं त्याला चोरी वाटते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उडालोच. अहो, हा तर आपल्यातलाच निघाला! रात्रीचं जेवू नये हे घरचे सांगून सांगून थकले होते, ते या जीवानं एका दुपारीत माझ्या गळी उतरवलं. आरशापुढं पापणी न लववता उभं राहायची सवय मला तेव्हापासूनची. कधी ना कधी याचा सिनेमा होणार, आणि झाला तर माणूस तयार पाहिजे, एवढाच त्यात हेतू होता.

आणि सिनेमा काय केला? ‘पावणं परग्रहाचं’! चंदगडचं भात गेलं आणि उचगावचं गुऱ्हाळ आलं. (चंदगडला पाऊस फार, कॅमेरा भिजतो म्हणे. मग छत्री घ्यायची की!) यान म्हणून गुळाची काहील उपडी घातलेली. तिच्या कडेला चिकटलेला गूळ मला इतक्या लांबनं दिसला, माशांसकट. जो बाबा पुस्तकभर गप्प, तो काहिलीखालनं बाहेर पडतोय न पडतोय तोवर म्हणतो, ‘काय पावणं, बरं हाय न्हवं?’ अरे, पावणा तू का ते? (आवाज तुमचा नाही, दुसऱ्याचा चिकटवलाय, हे मेहुणीबाईंनी लगेच कानात सांगितलं. उपकार झाले.) त्यानंतर लावणी. परग्रहावरचा जीव ऊस गुंफलेल्या मांडवात मांडी थोपटतोय. मी डोळे मिटून घेतले.

हे सगळं मी एकवेळ पोटात घातलं असतं. पोटात मावत नाही ते तुम्ही. त्या दिवशी शूटिंगला मी निघालो होतो, दिग्दर्शकाला चार गोष्टी समजावून सांगायला. तुम्ही नुसती गाडी घेऊन आलेला. ‘कसली कादंबरी?’ असं तुम्ही शिरोली नाक्यापाशी मला विचारलंत, आठवतंय? गुऱ्हाळावर पोचलो तर त्यांचा माणूस ओरडला, ‘ओ पावणं, सरका की, मधी येताय!’ तुम्ही जन्मभर मागांच्या खडखडाटात उभे राहिलेले, तुमच्या कानाला हाळी कुठली पोचायला? काहिलीकडं बघत ढिम्म उभे. आणि दिग्दर्शकानं टोपी काढली. ‘ही नजर! ही शांतता! हाच आपला पावणा!’ तुमच्या शेजारी मी पापणी न लववता उभा होतो. डोळ्यांतनं पाणी गळायला लागलं तरी उभा होतो. मला त्यांनी तुमच्यावर छत्री धरायला लावली.

तर काल संध्याकाळच्या खेळाला सगळे पाहुणेरावळे गोळा करून गेलो. पडद्यावर तुम्ही दिसलात आणि राजमतीनं, माझ्या राजमतीनं, तोंडात बोटं घालून शिट्टी मारली! मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि तुम्हाला पोटात घ्यावं. मध्यंतरानंतर तो जेवणाचा प्रसंग आला. दिवस बुडालेला, पुढ्यात तांबडा रस्सा (सोयाबीनचा होता, हे मेहुणीबाईंनी दोनदा सांगितलं), सगळं गाव म्हणतंय, ‘घ्या की, लाजू नका.’ आणि तुम्ही घेतलं नाहीत. ताटावर हात पालथा ठेवलात आणि सूर्य गेला होता तिकडं बघत बसलात.

साडूभाऊ, मी ताडकन उठून ओरडलो, ‘हेच! हेच पुस्तकात हाय!’ मागनं कुणीतरी ‘बसा हो काका’ म्हणालं. पुस्तकातला हा नकार त्या शहाण्या दिग्दर्शकानं पटकथेतनं काढून टाकला होता. तुम्हाला त्यानं रस्सा हाणायला सांगितलं होतं, पण दिवस बुडाला होता म्हणून तुम्ही हात ठेवलात, असं नंतर कळलं. एवढंच कारण! आरशापुढं मी जे जन्मभर करत होतो ते तुम्ही सहज, भूक लागलेली असताना करून बसलात. मला तुमचा राग येतो. फार येतो. तो प्रसंग बघायला उद्या मी परत जाणार आहे.

बाकी क्षेम.

आपला, छत्री धरणारा साडू,
नेमिनाथ

ता. क. : दुसरा भाग काढणार आहेत असं ऐकतो. त्यात पाहुण्याचा थोरला भाऊ उतरणार असेल तर दिग्दर्शकाच्या कानावर घाला. थोरलेपणात मी मुळातच आहे. काहिलीखाली बसायचीही तयारी आहे, फक्त ती धुऊन घ्या म्हणावं.

आणखी ता. क. : तुम्हाला आता ती कादंबरी वाचायचीय, असं मेहुणीबाई म्हणाल्या. मिळणार नाही. तुम्ही ती वाचूच नका. मला ती तोंडपाठ आहे, आणि तुमचा हात ताटावर गेला तेव्हा बाहेर अंधार पडला होता, अन् माझ्या हातात मध्यंतरातला अर्धा बटाटेवडा होता. तो तसाच कागदात गुंडाळून घरी आणला. आज सकाळी ऊन वर आल्यावर खाल्ला, मिरचीसकट.