न उघडणाऱ्या खिडकीबाबत माझी अखेरची व्यवस्था

दिनांक ११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार, सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी समोरच्या नव्या इमारतीवरचे कापड उतरवले गेले आणि दहाव्या मजल्याच्या उंचीवर मला माझेच घर दिसले. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, जाहिरात कंपनीतून निवृत्त, कोणाच्याही दडपणाविना हे लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्या दिवशी रक्तदाब वाढला होता. डोके जागेवर होते.

१. समोरची इमारत माझ्या भाचीने रचली आहे. ती आर्किटेक्ट आहे आणि लहानपणी माझ्याकडेच वाढली. तिने माझ्या घराचा दर्शनी भाग मोठा करून तिथे चिकटवला आहे: उतरते छप्पर, काहीच न पेलणारे गुलाबी खांब आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी. सातव्या वर्षी लोंबकळून तिने त्या खिडकीचे डावे दार खाली आणले होते. इमारतीवरच्या खिडकीचे दारही तेवढेच खाली आहे. माझ्या फाटकावरची पाटीही घेतली आहे. बिल्डरची माणसे रोज येऊ लागली तेव्हा मी ती रंगवली होती: ‘हे घर विकायचे नाही. बेल वाजवू नये.’ कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारून वळण लावलेले माझे अक्षर आता विजेवर पेटते. खाली छापले आहे: ‘बुकिंग सुरू.’

मी तिला बोलावून घेतले.

“मावशी, हा मान आहे गं. या शैलीत जुन्याचा संदर्भ घेतात, जरा गंमत करत.”

“कुणाची?”

“कुणाची असं नाही. सगळ्यांचीच.”

“मला विचारलं होतंस?”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणजे उत्तर ठाऊक होतं.”

यावर ती चहा न घेता गेली.

आयुष्यभर मी साबण आणि पंख्यांच्या जाहिराती लिहिल्या. आम्हीही थापा मारल्या, पण तोंड सरळ ठेवून. आता थाप मारून वर डोळा मारतात, आणि गिऱ्हाईक स्वतःला हुशार समजून पैसे देते.

२. बँकेतील ठेव माझ्या आजारपणातून उरली तर गल्लीतल्या वाचनालयास द्यावी. त्यातून खुर्च्या घ्याव्यात, माझ्या नावाची पाटी नको. पाट्यांचा अनुभव पुरेसा झाला.

३. टाइपरायटर भाचीस, बिनशर्त. त्यावर तिने पहिले घर काढले होते, नुसत्या अधिक-उण्याच्या चिन्हांचे. त्याला दार होते.

४. धाकट्या भावास सोफा. गेली वीस वर्षे तो येतो, त्यावर बसतो आणि घराचा भाव विचारतो.

५. घर. मी त्या इमारतीचा जिना चढून पाहिला. खोट्या खिडकीमागे जिन्याची भिंत आहे आणि तिथे भर दुपारी दिवा लावावा लागतो. भाचीने ती भिंत फोडावी, खिडकी खरी करावी, दोन्ही दारे उघडतील अशी. डावे दार तिरके राहिले तरी चालेल. पाटी उतरवावी. छप्पर आणि खांब राहू देत, त्यांना हसायला माझी हरकत नाही. एवढे केल्यास घर, फाटक व खरी पाटी तिची.

न केल्यास घर धाकट्या भावास जाईल. तो ते दुसऱ्या दिवशी त्याच बिल्डरला विकेल, हे मला माहीत आहे आणि तिलाही. मग घर नसेल, आणि ते विकायचे नाही असे समोर रोज रात्री पेटत राहील. ही गंमत मात्र माझी नसेल.

साक्षीदार: १. शेजारच्या दातांच्या डॉक्टरीण बाई (सही). २. कोपऱ्यावरचे कुलूपवाले (सही). दोघांनी मला सही करताना पाहिले व नंतर खिडकीतून समोर पाहिले.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, खिडकी उघडी.
दिनांक: ३ मार्च २०२५.
सही: मावशी

प्रत भाचीस. खिडकी करणार की नाही, ते ३१ मार्च, सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटांच्या आत लेखी कळवावे. फोन करू नये. स्वतः घेऊन आल्यास बेल वाजवण्यास हरकत नाही.