उजव्या हाताची मुरड

मी, डेल्मा रूथ पास्को, वय पंचाहत्तर, धंदा अभिनय, जन्म ब्रोकन हिल, हल्ली मुक्काम बालमेन, सिडनी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि कोणत्याही दिग्दर्शकाने न सांगता लिहून ठेवत आहे. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांतले एक लग्नानंतर लगेच केले होते, दुसरे विमानाच्या भीतीने. दोन्हींत लेस्लीचे नाव आहे, आणि लेस्लीला माझ्याकडून जे मिळायचे ते घटस्फोटात मिळून चुकले आहे.

माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य इतर कोणी लिहिले की लोक वाचून पुढे जातात, माझ्या बाबतीत थबकतात. रंगमंचावर आणि पडद्यावर मिळून मी चार वेळा वेडी झाले आहे, दर वेळी मानधन घेऊन. शेवटचे काम स्मृती गेलेल्या बाईचे होते. तेव्हापासून औषधाच्या दुकानातली मुलगी माझ्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलते. म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

कायद्याला दोन साक्षीदार लागतात, आणि या कागदातून ज्यांना काहीही मिळत नाही अशीच माणसे त्यासाठी बरी, असे वकीलबाई यांग यांचे म्हणणे. पहिला साक्षीदार सोपा होता. कोपऱ्यावरचा फळवाला स्पायरो. गेल्या हिवाळ्यात मी त्याच्या दुकानात सफरचंदांच्या पेट्यांपाशी पडले, तेव्हा तो आणि त्याची गिऱ्हाइके हसत बघत उभी राहिली. उजवे मनगट मोडले होते.

"मला वाटलं तुम्ही गंमत करताय, मिस पी," तो नंतर रडवेला होऊन म्हणाला.

"गंमत केली असती तर तिकीट लावलं असतं," मी म्हटले.

त्याला मी काहीही ठेवलेले नाही, त्यामुळे तो साक्षीदार व्हायला अगदी पात्र आहे. दुसऱ्या जागेसाठी वकीलबाई म्हणाल्या, "आमच्या कचेरीतलं कोणीही चालेल."

मी म्हटले, "मला चालणार नाही. सही करताना समोर असं माणूस हवं, ज्याला मी केव्हा नाटक करतेय आणि केव्हा नाही, हे कळतं."

"असं कोण आहे?"

"एक आहे. ती माझ्याशी बोलत नाही."

वकीलबाईंनी ती जागा कोरी ठेवली. हे लिहिते आहे तोवर ती कोरीच आहे.

एक. बालमेनचे घर विकावे आणि येणारी रक्कम ब्रोकन हिलच्या खाणकामगारांच्या हॉलचे छप्पर बदलण्यासाठी द्यावी. पत्र्याचे आहे. शाळेत असताना मी तिथे पहिल्यांदा कविता म्हणायला उभी राहिले आणि पहिल्याच कडव्याला धुळीचे वादळ आले. छप्पर असे वाजायला लागले की माझा मलाच आवाज ऐकू येईना. मी थांबले नाही. शेवटपर्यंत तोंड हलवत राहिले, हातवारे केले, वाकून नमस्कारही केला. परीक्षक कुमारी ट्रेम्बाथ यांनी मला पहिले बक्षीस दिले आणि आईला येऊन सांगितले, "एक शब्द ऐकू आला नाही, पण मुलगी हलली नाही जागची." माझ्या धंद्याची सुरुवात ही अशी, एकाही श्रोत्याला काही न ऐकवता झाली. पुढच्या मुलीचे निदान ऐकू यावे.

दोन. कुमारी ट्रेम्बाथ यांचे बूच. हे बाटलीचे साधे बूच आहे आणि त्यावर माझ्या दातांच्या खुणा आहेत. ते दातांत धरून इंग्रजांसारखे बोलायला त्यांनी मला शिकवले, कारण त्या काळी आमच्या देशात आमच्या आवाजाला नाटकात काम नव्हते. ते बूच चघळून मी सतराव्या वर्षी सिडनीला आले, दिवसा हातमोजे विकले, संध्याकाळी रेडिओवर नभोनाट्यांत लंडनच्या सरदारांच्या मुली झाले. मग फिरत्या कंपनीच्या ट्रकमधून गावोगाव हिंडले. लंडनहून येणारी नटी मालकीण व्हायची आणि मी मोलकरीण, आणि मोलकरणीनेही लंडनचेच बोलायचे. बूच ज्या नाट्यशाळेला हवे असेल तिने न्यावे. कोणी मागितले नाही तर कचऱ्यात टाकावे, मला वाईट वाटणार नाही.

तीन. निर्माते रॉडरिक व्हेल यांच्या वारसांना, कपाटातली लाल धुळीची बरणी. कैलासवासी व्हेल मला ऐन उमेदीच्या वर्षांत म्हणाले होते, "चेहरा चांगला आहे, पण तोंड उघडलं की धूळ उडते." तोवर मी आवाज घासूनपुसून इतका स्वच्छ केला होता की त्यात धुळीचा कण शोधायला भिंग लागले असते. पुढे दिवस फिरले, आमच्याच देशातले सिनेमे निघू लागले आणि तेच व्हेल मला म्हणाले, "डेल्मा, तुझा तो गावाकडचा आवाज हवाय." जो आवाज घालवायला मी पैसे मोजले, तो आता पैसे घेऊन परत आणायचा होता. आणला. बरणी ब्रोकन हिलमध्ये मी स्वतः भरलेली आहे.

चार. अभिनयाचे बक्षीस म्हणून मिळालेली सोन्याच्या मुलाम्याची मूर्ती. न्हाणीघराचे दार वाऱ्याने आपटते, त्याला टेकण म्हणून उपयोगी पडते. घर घेणाऱ्याने दारासकट घ्यावी.

पाच. माझी एजंट बार्बरा हिला माझे सर्व स्कार्फ आणि मनापासून आभार. ती दर रविवारी न चुकता फोन करते. एका रविवारी मी तिला म्हटले, "बार्बरा, मला फार एकटं वाटतं ग." ती म्हणाली, "काय सुंदर म्हणालीस." तिचा दोष नाही. मला खोकला झाला तरी लोक दाद देतात. त्यानंतर मी तिच्याशी हवापाण्यावर बोलते.

सहा. माझी थोरली बहीण नोएलीन हॉकिंग, राहणार ब्रोकन हिल, हिला आमच्या आईचे लाटणे, आणि खालील खुलासा.

आमचे वडील खाणीत वारले तेव्हा आम्ही दोघी लहान होतो. आई, आयव्ही पास्को, खाणीच्या फाटकावर पेस्ट्या विकायची, म्हणजे भाजलेल्या मोठ्या तिखट करंज्या. आत मांस, बटाटा, कांदा, सलगम. कोपऱ्यावर गिऱ्हाइकाच्या नावाचे अक्षर कणकेत कापून चिकटवलेले. आणि कडेला मुरड. आई डावखुरी. तिची मुरड सगळ्या गावाच्या उलट दिशेने जायची, त्यामुळे अंधारात बोट फिरवूनसुद्धा खाणकामगार सांगायचे, ही आयव्हीची. नोली आणि मी दोघी उजव्या, पण मुरड आईकडे बघून शिकलो, म्हणून डाव्या हाताने घालतो. जगात ती मुरड फक्त आम्हा तिघींची होती.

ज्या सिनेमाने माझे नाव झाले, त्यात मी खाणकामगाराच्या विधवेचे काम केले. त्यासाठी मी आईचे सगळे घेतले. जाळीच्या दाराशी खांदा टेकून उभे राहणे, कपाळ मनगटाने पुसणे, वाईट बातमी ऐकली की आधी शेगडी बंद करणे. सिनेमा गावातल्या उघड्यावरच्या थिएटरात लागला. लोक आईला म्हणत होते, "आयव्ही, हुबेहूब तूच." आई चांगली टोपी घालून आली होती. मला म्हणाली, "मी दाराशी अशी उभी राहते होय?" आणि लाजली. मग हळूच म्हणाली, "पण मुरड उलटी घातलीस ग."

नोली मोटारीत बसल्यावर बोलली. "आख्खी आई उचलून नेलीस, आणि तीही धड जमली नाही. गावचीच होतीस, आता बाहेरची झालीस." आमच्या गावात याच्यापुढे शिवी नाही.

नोली, ती मुरड चुकली नव्हती. उजव्या हाताने घालायला मला आठवडाभर घटवावे लागले, बोटे सारखी डावीकडून जायची. बाकी सगळे मी लोकांना दाखवले. ती मुरड तेवढी दाखवायची नव्हती. ती आपल्या स्वयंपाकघरातली होती, तिथेच राहू द्यायची होती. आईलाही मी हे सांगितले नाही. पुढच्या वेळी गावी गेले की सांगू म्हटले, आणि पुढच्या वेळी गेले ती तिच्या अंत्यविधीला.

त्या दिवशी मी रडले. कामावर रडताना मला सगळे माहीत असते, उजेड कुठून येतो, मान किती वळवायची. तेव्हा मला काही माहीत नव्हते. नाक गळत होते आणि रुमाल नव्हता. नोली जवळ आली, मला वाटले रुमाल देणार. ती कानाशी म्हणाली, "छान जमलंय, डेल. पुरे आता. इथे कॅमेरा नाहीये."

तेव्हापासून मी कामाबाहेर रडलेले नाही. रडू आले की प्रश्न पडतो, हे खरे आहे का, आणि प्रश्न पडला की रडू थांबते. मला तुझ्याशी भांडायचे नाही, नोली. माझे रडू तेवढे तुझ्याकडे राहिले आहे.

सात. अंत्यविधी साधा करावा. नाटकातले उतारे वाचू नयेत. शवपेटी निघताना टाळ्या वाजवण्याची जी पद्धत पडली आहे, ती माझ्या बाबतीत पाळू नये. अस्थी ब्रोकन हिलच्या दफनभूमीत आईशेजारी पुराव्यात. ती जागा नोएलीनच्या नावावर आहे, म्हणून तिची हरकत नसेल तरच. हरकत असल्यास बालमेनच्या धक्क्यावरून पाण्यात सोडाव्यात, आणि त्या वेळी कोणी फोटो काढू नये.

दुरुस्ती. वरील मजकूर झाल्यावर दफनभूमीतल्या जागेबद्दल विचारायला वकीलबाई यांगनी ब्रोकन हिलला फोन केला. पलीकडून एवढेच उत्तर आले, "येते." आठवड्यातून एकदा सुटणाऱ्या गाडीने दिवसभर प्रवास करून नोली काल माझ्या दारात उभी राहिली. काठी आली आहे हातात. मी "ये" म्हटले. ती म्हणाली, "मरतेयस का?"

"आत्ताच नाही."

"मग एवढी घाई कसली? दाखव काय लिहिलंयस ते."

तिने चष्मा बदलला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सगळे वाचले. बरणीच्या कलमाला नाकातून हसली. सहावे कलम तिने दोनदा वाचले. मी खिडकीपाशी उभी होते आणि हात कुठे ठेवावेत ते मला सुचत नव्हते.

"मुद्दाम?" तिने विचारले.

"हो."

"मग तोंड होतं ना तुला. सगळ्या जगाला ऐकू जातं, मला सांगायला काय झालं?"

"तू घरात घेतलं नसतंस."

"दार वाजवायचं असतं," नोली म्हणाली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "लाटणं कुठाय?"

तिने माझ्याच कणकेच्या, माझ्याच स्वयंपाकघरात पेस्ट्या केल्या आणि माझ्या सुऱ्यांना नावे ठेवली. मुरडीला मला बोलावले. उजवे मनगट अजून दुखते, पण या मुरडीला ते लागत नाही. दोघींच्या पेस्ट्या भाजून बाहेर आल्या तेव्हा कोणती कोणाची ते मुरडीवरून सांगता येत नव्हते. एकीच्या कोपऱ्यावर तिने 'डे' कापून लावले होते. ती मी खाल्ली.

आज सकाळी ती मला घेऊन वकीलबाईंच्या कचेरीत आली आणि म्हणाली, "सहाव्या कलमातून माझं नाव काढा. मला काही नको. मी साक्षीदार होते."

"लाटणं तुमच्यासाठी ठेवलंय त्यांनी," वकीलबाई म्हणाल्या.

"ते कालच घेतलं. पिशवीत आहे. जिवंतपणी दिलं, आता लिहायचं काय त्यात?"

म्हणून सहाव्या कलमातली देणगी रद्द समजावी. खुलासा राहू द्यावा. वकीलबाई नवा स्वच्छ कागद करायला तयार होत्या, मी नको म्हटले. खोडलेले दिसू दे. शेजारी आम्ही सर्वांनी सह्या केल्या आहेत.

सातव्या कलमाबद्दल नोएलीन यांची हरकत नाही. त्यांची अट अशी की दगडावर माझ्या नावाआधी 'प्रख्यात' वगैरे काही लिहायचे नाही. मला मान्य आहे.

सही करताना मला थोडा वेळ लागला. त्याचे कारण मनगट नव्हे.

ठिकाण: बालमेन, सिडनी
दिनांक: १८ जून २०१९

(सही) डेल्मा रूथ पास्को

साक्षीदार पहिला: स्पायरो कालिमनिओस, फळविक्रेता, बालमेन. (सही)

साक्षीदार दुसरी: नोएलीन हॉकिंग, ब्रोकन हिल. (सही)

वकीलबाई म्हणतात साक्षीदाराने फक्त नाव लिहायचं असतं. मी आणखी एक लिहिते. डेल्माने माझ्यासमोर सही केली. करताना ती रडत होती. मी तिला पाळण्यापासून ओळखते. ते खरं होतं. मागच्या वेळीही खरंच होतं.