पाइपाखालची मासळी

ता. ४ फेब्रुवारी
ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.
पिंपातले मासे जिवंत पोचले. आमच्या प्रयोगशाळेच्या शिपायाने पिंप नाक धरूनच आणलं आणि पुढच्या वेळी अत्तर शिंपडून पाठवायला सांगितलंय.
बाबा, प्लेटिंगच्या कारखान्याचं पाणी नदीत सुटतं त्या पाइपाखाली हे जगतात कसे, हाच माझ्या संशोधनाचा विषय. त्या पाण्यात कॅडमियम नावाचा विषारी धातू आहे. दुसरीकडचे मासे तसल्या पाण्यात सोडले, तर संध्याकाळपर्यंत पोट वर करून तरंगायला लागले. तुमचे मात्र मजेत आहेत. सर हरखून गेलेत. अजून पाठवा, मोठे बघून. आईला नमस्कार.
माशांपेक्षा थोडी जास्त लाडकी असावी, एवढीच आशा.
तुमची चिंगळी

ता. १९ फेब्रुवारी
चि. चिंगळीस,
अ. उ. आ.
दुसरं पिंप पाठवलंय. मासे हल्ली फार बुळबुळीत झालेत, हातात ठरत नाहीत. तुझी आई म्हणते, त्यांनाही माणसांसारखं निसटायला जमायला लागलं. विकून उरतात ते घरी खातो. कलेजी सगळी तिच्या ताटात. मला बोट लावू देत नाही.
तिची कंबर मात्र धरलीय. खाली बसली की उठायला माझा हात लागतो. पाणी विषारी तर मासे खाल्लेले चालतात का, एवढं विचारून घ्या म्हणाली.
जेवत जा वेळेवर. माया आहेच.
बाबा

ता. २ मार्च
ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.
तो बुळबुळीतपणा म्हणजे माशाची ढाल! अंगावर आणि कल्ल्यांवर चिकट थर सुटतो, धातू त्यात अडकतो आणि थराबरोबर गळून पडतो. तरी आत शिरलाच, तर यकृत, म्हणजे तुमची कलेजी, एक प्रथिन तयार करतं. ते धातूला असं घट्ट धरून ठेवतं, की बाकी शरीराला त्याची झळ लागत नाही. धातू बाहेर जात नाही, तिथेच कोंडून राहतो. कलेजीतले आकडे बघून सरांनी माझी पाठ थोपटली.
खाण्याचं म्हणाल, तर इतकी वर्षं खाताच आहात. आईच्या कंबरेला शेक द्या. आणि कुणाशी बोलू नका हं. बोभाटा झाला तर पाइप बंद होईल आणि माझं काम अर्धवट राहील.
लोभ असाच राहू द्या.
चिंगळी

ता. १४ एप्रिल
चि. चिंगळीस,
अ. उ. आ.
परवा आई शिंकली आणि तिची बरगडी मोडली. नुसती शिंकली, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं गेलीत आणि हाडं पोकळ झालीत. काय खाता, ते विचारलं. मी सांगितलं. कलेजी खाऊ नका असं कुणी सांगितलं नव्हतं का, असंही विचारलं. मी नाही म्हणालो. तुझं नाव घेतलं नाही.
जमलं तर येऊन जा.
बाबा

ता. २० एप्रिल
ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.
वाचून जीव खालीवर झाला. लगेच निघाले असते, पण महिनाअखेरीस परिषद आहे आणि निबंध मलाच वाचायचाय.
तेच प्रथिन माणसातही असतं. मूत्रपिंडात ते धातू धरून ठेवतं, पण कधीतरी भरून जातं. सरांना आईचं सांगितलं. एकाच नदीतला मासा आणि तो खाणारं माणूस, दोन्ही हाती लागणं दुर्मीळ, असं ते म्हणाले. सोबतच्या बाटलीत आईची सकाळची लघवी भरून पाठवाल का? नाव कुठे छापणार नाही.
रागावू नका. आईला जपा.
चिंगळी

ता. २७ एप्रिल
चि. चिंगळीस,
अ. उ. आ.
बाटली पाठवली आहे. तू मागितलीस म्हटल्यावर आई पहाटेपासून जागी होती. शेजारणीने आणि मी धरून उभी केली. दुखत होतं, ओठ चावत होती, पण झाकण तिने स्वतःच्या हाताने लावलं.
मुलीने औषध सुरू केलंय, आधी तपासणी मागवली, असं ती येईल त्याला सांगते. मी खोडून काढलं नाही. पोस्टमन दिसला की औषध आलं का विचारते. डॉक्टर म्हणतात, आता औषधाने काही व्हायचं नाही.
तुला काय लिहायचं ते लिही. वाचून दाखवायला मीच आहे, तिला मी दुसरंच वाचून दाखवीन.
आशीर्वाद आहेत. दिलेले परत घेता येत नाहीत.
बाबा